रंगभूमीवरील दिव्यांचा लगाम

विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' करून दाखविलें आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला, हें शाळकरी मुलासहि ठाऊक आहे. त्या काळच्या पौराणिक खेळांत राक्षस येई तो आरडाओरड करीत, आणि तो पडद्याबाहेर पाऊल टाकीत असतांनाच मशालीवर राळेची पूड उधळली जाई. भक्कन जाळ होई आणि राक्षसाचा रंगविलेला चेहरा क्षणभर उजळून निघे. ही राळ किंचित् आधीं पडली तर राक्षसावांचून नुसताच धूर दिसावयाचा. किंचित् उशिरां पडली तर राक्षस अंधारांतच ओरडून जावयाचा. त्या मशालवाल्याचें नांव नाट्येतिहासांत शोधूं जाणें व्यर्थ आहे. परंतु दिवा केव्हां वाढवावा, किती वाढवावा आणि कोणासाठीं वाढवावा, हे तीन प्रश्न हातांत घेऊन उभा राहणारा मराठी रंगभूमीवरील पहिला मनुष्य तोच होय. आज ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या नाट्यगृहांत प्रेक्षकांच्या पाठीमागें, संगणकाच्या पडद्यासमोर बसलेला तरुण त्याचाच वारस आहे. प्रश्न तेच आहेत. मधल्या काळांत बदललें तें हातांतील साधन.

१८५३ सालीं भावे आपली मंडळी घेऊन मुंबईस गेले व ग्रँट रोडवरील नाटकगृहांत त्यांनीं खेळ केले. त्याच वर्षीं १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, आणि पुढच्या वर्षीं ती कल्याणपर्यंत गेली. नाटकगृह मुंबईस आणि प्रेक्षक गाडीनें जाणारा, ही ठाणें-कल्याणकरांची रीत पुढें दीर्घकाळ टिकली. दादर-गिरगांवास नाटक पाहून शेवटची गाडी गांठण्यासाठीं धांवणें हा ह्या बाजूच्या रसिकांचा जणूं नित्यनेमच होऊन बसला. स्वतःच्या गांवीं त्यांना दिसे तें उत्सवाच्या मांडवांतील किंवा फिरत्या मंडळीच्या तंबूंतील नाटक. मशाली व तेलाचे दिवे गेले, रॉकेलच्या बत्त्या आल्या, पुढें किटसनचे झगझगीत दिवेहि आले. उजेड वाढला खरा. परंतु तो कमीजास्त करण्याची सोय मात्र वाढली नाहीं. किटसनची बत्ती एकदां पेटली कीं ती आपल्या मर्जीनें जळावयाची. शकुंतलेचा आश्रम असो कीं दुष्यंताचा दरबार असो, सकाळ असो कीं मध्यरात्र असो, उजेड एकच. काळवेळ प्रेक्षकानें पदांवरून आणि संवादांवरून ओळखावी, असा संकेत होता, आणि त्यांत कोणास वावगें वाटत नसे.

दिव्यांचा लगाम एका ठिकाणीं आणण्याची कल्पना प्रथम गॅसच्या दिव्यांनीं दिली. १८१७ सालीं लंडनच्या लायसियम व ड्रुरी लेन ह्या नाटकगृहांत गॅसचा उजेड आला. नळ्या सगळीकडे पसरलेल्या, पण त्यांच्या तोट्या रंगमंचाच्या एका बाजूस एका मेजावर एकत्र आणलेल्या, अशी रचना पुढें रूढ झाली. एक मनुष्य त्या मेजापाशीं उभा राहून सर्व दिवे चढवी वा उतरवी. आजच्या कन्सोलचा मूळ पुरुष हाच. ह्या साधनाचा उत्तम उपयोग केला तो हेन्री अर्व्हिंग ह्या नटानें. १८७८ मध्यें लायसियमची सूत्रें त्याच्या हातीं आलीं; प्रयोग चालू असतां प्रेक्षागृह काळोखें ठेवण्याची प्रथा रुजविण्यांत त्याचा मोठा वांटा होता. पुढें विजेचे दिवे आले, तरी गॅसचा मऊ उजेड आपल्या नाटकांस अधिक मानवतो म्हणून त्यानें तो सोडला नाहीं. नवें साधन दाराशीं येऊन उभें राहिलें असतांना जुनें हेतुपूर्वक ठेवणारा हा मनुष्य हट्टी म्हणावा कीं जाणता? त्याचे समकालीन त्याच्या रंगमंचावरील उजेडाची वाखाणणी करीत, एवढें उत्तर पुरेसें आहे.

विजेनें पूर्णपणें उजळलेलें पहिलें सार्वजनिक नाटकगृह म्हणजे लंडनचें सॅव्हॉय. १८८१ सालीं तेथें सुमारें १,२०० विद्युद्दीप लागले. धूर नाहीं, वास नाहीं, आगीचें भय पुष्कळ कमी. परंतु विजेनें एक नवीन अडचण उभी केली. गॅसची तोटी हळूहळू फिरवितां येई; विजेच्या दिव्यास दोनच अवस्था, लागलेला अथवा विझलेला. मधल्या पायऱ्या निर्माण करावयाच्या तर प्रवाहाच्या वाटेंत अडथळा घालावयास हवा. ह्या अडथळ्याचा सर्वांत स्वस्त प्रकार मिठाच्या पाण्याचा. चिनी मातीच्या उंच भांड्यांत खारें पाणी भरावयाचें, तळाशीं धातूची एक पत्री ठेवावयाची आणि दुसरी दोरीनें वरखाली करावयाची. पत्र्या जवळ आल्या कीं दिवा उजळे, दूर गेल्या कीं मंद होई. मीठ कमी पडलें तर दिवा चढेना. जास्त झालें तर तो उतरेना. प्रयोग लांबला तर पाणी तापून वाफा येऊं लागत. शिवाय पाण्यांत वीज खेळत असल्यामुळें हाताळणाऱ्याच्या जिवाशीं गांठ असे ती निराळीच. तरीहि हें साधन हिंदुस्थानांतील हौशी व गरीब रंगमंचांवर पुष्कळ वर्षें वापरांत होतें, आणि त्याला हंसण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें कीं त्याच्या साह्यानें होणारी सायंकाळ अगदीं सलग उतरे. पायऱ्या अशा त्यांत नसतच.

मुंबईच्या आसपास वीज मुबलक झाली ती टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रामुळें, १९१५ च्या सुमारास. डोंबिवली आणि कल्याण ह्यांच्यामध्यें ठाकुर्लीस १९२९ मध्यें आगगाड्यांसाठीं चोळा वीजगृह उभें राहिलें. म्हणजे नाटकास जाणाऱ्या गाड्या जिच्या बळावर धांवत ती वीज ह्याच टापूंत निघत होती. मात्र त्या विजेवर उजळणारें कायमचें नाट्यगृह येथें होण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. उद्योगाच्या मागून कला येते ती बहुधा पायींच येते.

मराठी नाटकाला उजेडाच्या नियमनाची खरी निकड भासूं लागली ती १९३३ पासून. त्या वर्षीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें. रंगविलेले पडदे जाऊन त्या जागीं तीन भिंतींची खरीखुरी खोली आली. आणि खोली खरी झाल्याबरोबर तिच्यांतला उजेड कोठून येतो, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. खिडकींतून येत असेल तर एका बाजूनेंच यावयास हवा. दुपार टळली असेल तर तो कलावयास हवा. पडद्यावर रंगविलेल्या राजवाड्याला हें बंधन कधींच नव्हतें.

ह्याच सुमारास इंग्लंडांत एक विलक्षण यंत्र तयार झालें. फ्रेडरिक बेंथम नांवाच्या तरुण तंत्रज्ञानें स्ट्रँड इलेक्ट्रिक कंपनीसाठीं १९३५ मध्यें 'लाइट कन्सोल' बनविला. त्याचा सांगाडा चर्चमध्यें व चित्रपटगृहांत वाजविल्या जाणाऱ्या ऑर्गनचा होता. पट्ट्या दाबून दिवे निवडावयाचे, पायांनीं त्यांची गति सांभाळावयाची. वाजविणारा बसून वाजवी आणि स्वरांच्या जागीं रंग उमटत. रंगमंचाच्या कडेला तरफा ओढणाऱ्या मजुराच्या जागीं वादक बसविण्याची ही महत्त्वाकांक्षा खरोखर मोठी होती. पण ऑर्गन वाजविणें ज्यास त्यास येत नाहीं. ज्याच्या मनांत यंत्र जन्मलें त्याच्या हातीं तें गाई, आणि इतरांस तें शिकण्यास पुष्कळ काळ लागे. कन्सोल निवडतांना आजहि जी चूक वारंवार होते तिचें हें पूर्वरूप समजावें. यंत्र काय करूं शकतें हें विचारलें जातें. उद्यां तें कोण चालविणार, हें विचारावयाचें राहून जातें.

अमेरिकेंत येल विद्यापीठांत जॉर्ज आयझेनूर ह्यानें १९४७ मध्यें निराळी वाट काढली. अवजड तरफा दूर करून त्यानें इलेक्ट्रॉनिक नळ्यांवर चालणारा डिमर केला, आणि एका दृश्यांतील सर्व दिव्यांचें मान आधींच मांडून ठेवण्याची सोय करून दिली. पुढें ह्या कल्पनेचें जें सुटसुटीत रूप झालें तें आपल्याकडील प्रत्येक हौशी प्रकाशयोजनाकारास परिचयाचें आहे. बोर्डावर फेडरच्या, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या मुठींच्या, दोन ओळी असतात. वरच्या ओळींतील मान रंगमंचावर चालू असतें. खालच्या ओळींत पुढील दृश्याचें मान हलक्या हातानें मांडून ठेवावयाचें. संकेत मिळतांच एक मुख्य मूठ एकीकडून दुसरीकडे न्यावयाची. मग मोकळी झालेली ओळ तिसऱ्या दृश्यासाठीं. ह्या बोर्डावर बसणाऱ्यास संपूर्ण नाटक पाठ असावें लागे. एक प्रवेश पुढें आणि एक प्रवेश मागें असे त्याचे दोन्ही हात वेगवेगळ्या काळांत वावरत.

आपल्याकडे मात्र मधल्या काळांत डिमरस्टॅट हेंच दैवत होतें. तांब्याच्या वेटोळ्यांवर फिरणारी ती जड चकती जुन्या रंगकर्मींना अद्यापि आठवत असेल. तारेच्या किंवा पाण्याच्या अडथळ्याचा मोठा दोष असा कीं १,००० वॅटसाठीं बनविलेला अडथळा ५०० वॅटच्या दिव्यास पुरतेपणीं विझवूं शकत नसे. डिमरस्टॅट दाबच कमीजास्त करी, त्यामुळें दिवा लहान असो वा मोठा, काम सारखेंच होई. सहा चकत्या एकदम फिरवावयाच्या झाल्या तर दोन माणसें आणि वेळप्रसंगीं कोपरहि लावावें लागे, ही गोष्ट वेगळी.

साधनांच्या तोकडेपणाची सबब पुढें करणाऱ्यांनीं कलकत्त्याच्या तापस सेन ह्यांचें उदाहरण पाहावें. १९५९ मध्यें उत्पल दत्त ह्यांच्या 'अंगार' नाटकांत कोळशाच्या खाणींत पाणी शिरून कामगार बुडतात तो शेवटचा प्रसंग त्यांनीं केवळ प्रकाशानें उभा केला. प्रेक्षकांस पाणी चढतांना दिसे. त्या काळीं स्मरणशक्ति असलेला कन्सोल जगांत कोठेंहि नव्हता. होतें तें पाण्याकडे बारकाईनें पाहिलेल्या माणसाचें निरीक्षण.

१९५७ मध्यें थायरिस्टर हा लहानसा अर्धवाहक तुकडा बाजारांत आला आणि दिव्यांचा लगाम अक्षरशः बोटावर आला. घरांत येणारी वीज सेकंदांत ५० आवर्तनें करते, म्हणजे १०० अर्धलहरी होतात. थायरिस्टर प्रत्येक अर्धलहरीचें दार थोड्या विलंबानें उघडतो. विलंब जितका अधिक तितका दिवा मंद. दार उघडण्याची आज्ञा देण्यास अगदीं क्षीण विद्युद्दाब पुरतो. त्यामुळें अवजड डिमर एका खोलींत आणि हलका बोर्ड दूर प्रेक्षागृहाच्या मागें, अशी फारकत झाली. प्रकाश करणाऱ्या माणसास आपण काय करतों तें पहिल्यानेंच समोरून दिसूं लागलें! ह्याचें मोल फार मोठें आहे. मशालवाल्यापासून डिमरस्टॅटवाल्यापर्यंत बहुतेकांनीं नाटक विंगेंतूनच, म्हणजे नटांच्या कानशिलाकडूनच पाहिलें होतें. थायरिस्टरची खोडी एकच. त्याच्या झटक्यांनीं ध्वनिक्षेपकांत गुणगुण शिरते. म्हणून जाणते लोक ध्वनीच्या तारा दिव्यांच्या तारांपासून दूर नेतात.

ठाण्यांत मासुंदा तलावाच्या कांठीं गडकरी रंगायतन उभें राहिलें तें १९७८ मध्यें, ह्या बदलाच्या भर मध्यावर. ज्या ठाणेंकरांनीं शेवटच्या गाडीच्या भीतीनें तिसऱ्या अंकाच्या अखेरीस खुर्च्या सोडल्या होत्या त्यांस आतां पायीं घरीं जातां येऊं लागलें. पुढें कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि ठाण्यांतच घोडबंदरच्या बाजूस डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह हीं झालीं. हीं सर्व नगरसंस्थांचीं नाट्यगृहें. त्यांत कोणतीच नाटकमंडळी कायमची राहत नाहीं. सकाळीं शाळेचें संमेलन, दुपारीं व्यावसायिक नाटक आणि रात्रीं गाण्याचा जलसा असा एकाच दिवसाचा क्रम तेथें सहज लागूं शकतो. ह्या एका गोष्टीमुळें येथील कन्सोलचा प्रश्न लंडन-न्यूयॉर्कच्या प्रश्नाहून मुळांतच भिन्न होतो.

न्यूयॉर्कचें उदाहरण घेतल्यास हा भेद चांगला कळेल. १९७५ मध्यें 'अ कोरस लाइन' ह्या संगीतिकेसाठीं प्रकाशयोजनाकार थॅरॉन मस्सर ह्या बाईंनीं ब्रॉडवेवर प्रथमच संगणकाची स्मृति असलेला बोर्ड आणला. नाटकांत दृश्यें भराभर पालटत, आणि तीं प्रत्येक रात्रीं तंतोतंत तशींच पालटावयास हवीं होतीं. एकच नाटक, एकच नाटकगृह, वर्षानुवर्षें. तेथें यंत्राची स्मृति म्हणजे कामधेनु. परंतु आज ठाण्यास, उद्यां कल्याणास आणि परवां पुण्यास प्रयोग करणाऱ्या मंडळीची गोष्ट निराळी. प्रत्येक ठिकाणीं दिव्यांची संख्या निराळी, टांगण्याच्या जागा निराळ्या, कन्सोलची जात निराळी. पेनड्राइव्हवर नेलेलें नाटक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास बहुधा वाचतां येत नाहीं. आणि वाचतां आलें तरी जो सातवा दिवा काल नायिकेच्या तोंडावर होता तो आज तुळशीवृंदावनावर पडतो.

हा घोटाळा निस्तरण्याचें साधन यंत्रांतच आहे, पण तें वापरणारा दक्ष हवा. १९८६ मध्यें अमेरिकेंतील नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेनें डीएमएक्स ५१२ हा संकेत ठरविला आणि निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे व कन्सोल एका भाषेंत बोलूं लागले. एका तारेवर ५१२ वाटा, आणि प्रत्येक वाटेवर ० पासून २५५ पर्यंतचें मान. ही भाषा एकतर्फी आहे. कन्सोल सांगतो, दिवा ऐकतो, उत्तर देत नाहीं. साध्या दिव्यास एक वाट पुरते. फिरत्या दिव्यास मात्र मान, रंग, दिशा, आकार असें सगळें सांगावें लागत असल्यानें १६ वाटा सहज लागतात, आणि मग ५१२ वाटांत अवघे ३२ दिवे बसतात. 'इतक्या वाटा कशास हव्यात?' असें म्हणणाऱ्या खरेदीदारानें हा भागाकार करून पाहावा. कन्सोलवर दिव्यास दिलेलें नांव आणि नाट्यगृहाच्या तारेवरील क्रमांक ह्यांची सांगड घालण्याच्या क्रियेस पॅच म्हणतात. ज्यानें आपलें नाटक क्रमांकावर न रचतां 'नायिकेचा दिवा', 'अंगणाचा दिवा' अशा कामावर रचलें, त्यास नव्या गांवीं केवळ पॅच बदलावा लागतो. ज्यानें तें केलें नाहीं, त्यास सबंध नाटक पुन्हां बांधावें लागतें.

निवडीचा दुसरा मुद्दा कन्सोलच्या स्वभावाचा. कांहीं कन्सोल नाटकासाठीं वाढले. त्यांत क्यूंची सरळ यादी असते आणि एक बटन दाबीत पुढें जावयाचें असतें. ईटीसी कंपनीचा ईऑस ह्या वळणाचा. अ‍ॅव्होलाइट्सचे किंवा ग्रँडएमएचे कन्सोल जलशांच्या मांडवांत अधिक दिसतात. गायक काय गाईल तें आधीं ठाऊक नसतें, तेव्हां हाताशीं पुष्कळ मुठी लागतात. दोहोंनीं दोन्ही कामें होतात; पण ज्या नाट्यगृहांत दुपारीं नाटक आणि रात्रीं गाणें आहे, त्यानें दोहोंचा विचार केला पाहिजे. नाटकवाल्यानें आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. एका क्यूमध्यें वाड्याच्या ओसरीवरचा कंदील लावला, तर पुढच्या क्यूंत तो आपोआप तेवत राहतो कीं प्रत्येक क्यूंत पुन्हां सांगावा लागतो? दोन्ही पद्धति प्रचारांत आहेत. पहिलींत दिग्दर्शकानें ऐनवेळीं केलेला एक बदल पुढील सर्व दृश्यांत वाहत जातो, तो हवा असतो तेव्हां वरदान आणि नको असतो तेव्हां अनर्थ. आपला कन्सोल ह्यांपैकीं कोणत्या चालीनें चालतो हें ठाऊक नसलेला मनुष्य रंगीत तालमींत हमखास फसतो.

घाणेकर नाट्यगृहांत मोठ्या प्रेक्षागृहाबरोबर लघु प्रेक्षागृहहि आहे. बारा-पंधरा दिव्यांच्या तसल्या जागेस मोठा कन्सोल म्हणजे कोंबडीच्या खुराड्यास किल्ल्याचा दरवाजा. तेथें एक साधा संगणक, त्यास डीएमएक्सची तार जोडणारी लहानशी पेटी आणि क्यूएलसी प्लससारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम एवढ्यावर उत्तम काम होतें, आणि एकांकिका करणारीं महाविद्यालयीन मुलें तें घरच्या मेजावर शिकूंहि शकतात. हा लाभ लहान नव्हे. पूर्वीं डिमरस्टॅटला हात लावावयास मिळावा म्हणून उमेदवारास कितीएक प्रयोग दिव्यांच्या तारा गुंडाळीत काढावे लागत. मात्र संगणक प्रयोगाच्या मध्येंच स्वतःची दुरुस्ती करावयास बसतो आणि पडद्यावर नाटकाऐवजीं सूचना येते, हा धोका त्यांत आहे. प्रयोगाच्या संगणकावर दुसरें कांहीं ठेवूं नये, आंतरजाल तोडावें आणि वीज गेली तरी यंत्र चालावें म्हणून बॅटरीचा आधार द्यावा; हें न करणारा शहाणा समजला जात असला तरी तो नशीबवान एवढाच समजावा.

एल.ई.डी. दिव्यांनीं जुन्या नाट्यगृहांपुढें आणखी एक पेंच टाकला आहे. हे दिवे थायरिस्टरच्या डिमरवर चालवूं नयेत. त्यांस अखंड वीज निराळी आणि आज्ञेची तार निराळी द्यावी लागते. शिवाय दिवा विझतांना शेवटच्या टप्प्यांत २५६ पायऱ्या अपुऱ्या पडतात आणि अंधार ठेंचा खात येतो. चांगले दिवे त्यासाठीं दोन वाटा घेऊन ६५,५३६ पायऱ्यांनीं उतरतात. खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत जी सलग सायंकाळ फुकट होत असे ती परत मिळविण्यासाठीं एवढा हिशेब करावा लागला. नवे दिवे घेतले आणि कन्सोल जुना ठेवला, किंवा कन्सोल नवा घेतला आणि तारा जुन्याच ठेवल्या, कीं दोन्हीकडचा पैसा वायां जातो.

आणि तरीहि कल्याणच्या रंगमंदिरांत दुपारचा प्रयोग संपून रात्रीचा उभा राहत असतो तेव्हां जें दिसतें तें पुष्कळसें जुनेंच असतें. टेंपोंतून उतरलेले दिवे वर चढत असतात. कोणी शिडीवरून ओरडतो, कोणी खालून क्रमांक सांगतो. नट मेक-अप करून रंगमंचाच्या मध्यभागीं येऊन उभा राहतो आणि चेहऱ्यावर उजेड पडेपर्यंत डोळे मिटून घेतो. कन्सोलवरच्या तरुणाच्या उजव्या हाताशीं चमकता पडदा असतो आणि डाव्या हाताशीं चार ठिकाणीं घडी पडलेला, पेन्सिलीनें खोडलेला क्यूंचा कागद. गेल्या गांवचे क्रमांक खोडून तो ह्या गांवचे क्रमांक लिहीत असतो. बावीस क्रमांकाचा दिवा आज लागतच नाहीं, असें वरून कळतें. तो क्षणभर थांबतो, एकविसावा थोडा वांकवून घ्यावयास सांगतो, कागदावर तशी खूण करतो. बाहेर दुसरी घंटा झालेली असते. तो मान वर करून नटाच्या चेहऱ्याकडे पाहतो, मूठ किंचित् खाली सरकवितो आणि तिसऱ्या घंटेची वाट पाहूं लागतो.